हरण्याची साखळी

मित्रांनो, जरा डोळे मिटा आणि माझ्याबरोबर एका घरात चला. मातीचं घर आहे. ओसरीला लागून गोठा, गोठ्यात कडब्याच्या पेंढ्या, शेणाचा ओला वास. मधल्या खांबाला एक साखळी अडकवलेली आहे. तिची एक एक कडी मोजत पुढे सरका. दुसऱ्या टोकाला काय बांधलेलं असेल? तुम्ही म्हणाल, बैल. मीसुद्धा बरीच वर्षं तेच म्हणत होते.

मी एक जुनी साखळी आहे. माझ्या अंगावर गंज चढला आहे, दोन कड्या वाकल्या आहेत. त्याचं मला काही वाटत नाही. लोखंड म्हटलं की गंज आलाच. मला किळस येते ती दुसऱ्याच गोष्टीची. ती तुम्हाला सांगितल्याशिवाय माझं आयुष्य सांगून होणार नाही. ऐकताना तुम्हालाही किळस आली तर येऊ द्या. काही गोष्टींची यायलाच हवी.

माझा जन्म भोकरदनपासून तीन कोसांवरच्या एका खेड्यात, चिंचेच्या झाडाखाली झाला. त्या काळी आमच्या मुलखात निजामाचं राज्य होतं. सुगी आटोपली की घिसाडी लोक गाढवांवर संसार लादून गावाबाहेर उतरत. विळे, कुऱ्हाडी, नांगराचे फाळ, जे सांगाल ते घडवून देत. कडूबा नावाच्या शेतकऱ्याची एक गाडी मोडली होती. तिच्या चाकावरची लोखंडी धाव घेऊन तो मच्छिंद्र घिसाड्याकडे आला आणि म्हणाला, "माझ्या हरण्यासाठी साखळी करून दे. बैलचोर लई माजलेत."

मच्छिंद्रानं मला लाल होईस्तोवर तापवलं. घण त्याची बायको घालत होती. धावेची मी साखळी झाले, बावीस कड्यांची, टोकाला कुलूप अडकेल अशी. मच्छिंद्रानं मला दोन्ही हातांनी ताणून पाहिलं. "चोर हात लावायचा न्हाई हिला," तो म्हणाला.

हरण्या तांबूस रंगाचा, उंच खांद्याचा बैल होता. मी त्याच्या पायात असे, तरी मी त्याला कधी काचले नाही. कडूबानं माझ्या शेवटच्या कडीला जुन्या धोतराची चिंधी गुंडाळली होती, म्हणजे बैलाची कातडी सोलवटू नये. पोळ्याला मला चिंचेच्या कोळानं घासत. कडूबाची बायको नंदाबाई पहिली गरम भाकरी हरण्याला घालायची. कडूबा म्हणायचा, "अन् आमी?" ती म्हणायची, "तुमाला मागून. हरण्या निदान आळणी हाये म्हणत न्हाई." आणि असं खळखळून हसायची की शेजारची झुंबरबाई भिंतीपलीकडून विचारायची, "काय झालं गं नंदे, आमाला बी सांग."

ते हसू लक्षात ठेवा.

एका वर्षी हरण्यानं चारा सोडला. कडूबाची आई गोजरबाई म्हणाली, "नजर लागली. मीठ-मोहऱ्या ओवाळते." कडूबा बैलाजवळ उकिडवा बसला होता. त्याची लेक साळू तेव्हा सहा-सात वर्षांची. ती त्याच्या पाठीला रेलून उभी होती. कडूबानं तिला बोटानं दाखवलं, "हे बघ. कान लोंबले. रवंथ न्हाई. अन् डोळ्यावर माशी बसली, तरी त्यो मान हलवत न्हाई. ध्यानात ठेव साळे, जनावरानं माशी हाकलायचं सोडलं की ते आतून खचलं म्हणायचं. मंग देर करायची न्हाई."

गोजरबाई मीठ घेऊन आली. कडूबा म्हणाला, "ओवाळ माय, पर चालता चालता ओवाळ. मी निघालो."

त्यानं हरण्याला सावकाश चालवत भोकरदनला नेलं, जनावरांच्या दवाखान्यात. जनावरांच्या डॉक्टरला तेव्हा सलोतरी म्हणत. नरहरराव नावाचे सलोतरी होते. त्यांनी हरण्याच्या पोटाला कान लावला, बांबूच्या नळीतून औषध पाजलं आणि आठ दिवस रोज यायला सांगितलं. कडूबा आठही दिवस गेला. नवव्या दिवशी हरण्यानं शेपटीचा फटकारा मारून पाठीवरची माशी उडवली, आणि कडूबाचे डोळे भरून आले. गावात ज्याच्या-त्याच्या तोंडी एकच, की जनावराचं दुखणं ओळखावं तर कडूबानं. मलाही अभिमान वाटला. अशा घरची साखळी होते मी.

पुढे हरण्या म्हातारा होऊन गेला. मला ओसरीतल्या खुंटीवर टांगलं. तीन-चार वर्षं मला कुणाचा हात लागला नाही. माझ्यावर कोळ्यानं जाळं विणलं. तिथूनच मी पुढचं सगळं पाहिलं.

नंदाबाईचं हसू कधी थांबलं, ते मला नेमकं सांगता येणार नाही. काही घडलं नव्हतं. कुणी गेलं नव्हतं, भांडण नव्हतं, पीक बरं होतं. आधी तिची झोप गेली. कोंबडा आरवायच्या कितीतरी आधी ती उठून भिंतीला टेकून बसायची. मग तिच्या भाकरी करपायला लागल्या. मग वेणी राहिली. मग बोलणं राहिलं. साळू समोर बसून शेजारच्या शेळीची गंमत सांगायची, आणि नंदाबाई तिच्याकडे पाहायची, पण ते पाहणं साळूपर्यंत पोचत नसे. "माय, काय दुखतं?" साळू विचारी. नंदाबाई बराच वेळ शोधल्यासारखं करी आणि म्हणे, "काय बी न्हाई. मीच उगं हाये."

गोजरबाई म्हणे, "काय कमी हाये हिला? आमी बाळंतपणाच्या बाराव्या दिशी खुरपायला जात होतो. आळस हाये सगळा." झुंबरबाई म्हणे, "आळस न्हाई आत्याबाई, बाहेरचं हाये. नदीकाठच्या बाभळीखालून आली असंल भर दुपारी." कडूबा शेतात जास्त वेळ थांबायला लागला.

एके दिवशी साळू पाणी आणायला गेली, तर तिची माय विहिरीच्या काठावर बसलेली. पाय आत सोडून. साळूनं घागर टाकली, मागून जाऊन मायच्या कमरेला घट्ट मिठी मारली आणि ओढत मागे आणलं. नंदाबाईनं प्रतिकार केला नाही. साळू धापा टाकत घरी आली आणि बापाला सगळं सांगितलं. सांगायलाच हवं होतं. अशी गोष्ट पोटात ठेवायची नसते, मुलांनो. मोठ्या माणसाला लगेच सांगायची असते. साळूनं बरोबरच केलं.

पण मोठ्यांनी काय केलं?

कडूबा पांढराफटक पडला. तो उठला, खुंटीजवळ आला आणि मला काढलं. त्यानं माझं एक टोक गोठ्यातल्या खांबाला अडकवलं आणि दुसरं टोक नंदाबाईच्या पायात घालून कुलूप लावलं. "तुझा जीव वाचावा म्हणून करून राह्यलो," तो म्हणाला. भीती खरी होती त्याची. पण मला चिंधी गुंडाळायची त्याला आठवण झाली नाही. बैलाच्या पायासाठी झाली होती.

आता किळसवाणा भाग येतो. तिसऱ्या दिवशी तिच्या घोट्याची कातडी गेली. सहाव्या दिवशी जखमेत पू झाला. तो माझ्या कड्यांना लागला, वाळला, पुन्हा लागला. वास सुटला. गावातल्या बाया गोठ्याच्या दारात येऊन उभ्या राहत, शेंगा खात, टरफलं तिथंच टाकत. कुणी म्हणे, "माझ्याकडं बघून हसली." ती हसली नव्हती. कुणी पदर नाकाला लावून विचारी, "खाती का काही?" आणि उत्तर ऐकायच्या आत निघून जाई. देवऋषी आला. त्यानं बंद गोठ्यात मिरच्यांची धुरी दिली, केस धरून तिची मान गदागदा हलवली आणि विचारलं, "कोण हायेस तू? नाव सांग." नंदाबाई खोकत खोकत म्हणाली, "मी नंदा." देवऋषी लोकांकडे वळून म्हणाला, "बघा, कसं लबाड हाये. नाव चोरून राह्यलं."

खरं बोलली म्हणून ती लबाड ठरली. लोखंडाला उलटी होत नाही, नाहीतर मला त्या दिवशी झाली असती. मला देवऋषीची किळस आली, शेंगा खाणाऱ्यांची आली, आणि सगळ्यांत जास्त माझी स्वतःची आली. मी होते म्हणून तर ती बांधलेली होती.

जाताना देवऋषीनं सांगितलं, "येत्या अमावास्येला हिला माझ्या ठाण्यावर आणा. चाळीस दिवस लिंबाच्या झाडाला बांधून ठेवू. अन्न बंद. मंग जाईल ते आपोआप." अमावास्येला पाच दिवस उरले होते. नंदाबाई आधीच अर्ध्या भाकरीवर आली होती. चाळीस दिवसांनी काय जाईल, ते मला कळत होतं.

साळूलाही कळत होतं. ती दुपारी दुधात भाकरी कुस्करून मायला भरवायला बसली होती. गोठ्यातली एक माशी उडाली आणि नंदाबाईच्या डोळ्याच्या कडेला बसली. ओल्या जागी. ती तिथं चालायला लागली. नंदाबाईचा हात हलला नाही. पापणीसुद्धा नीट मिटली नाही. साळूचा घास हातातच राहिला. मग तिनं ती माशी हाकलली, आणि किती तरी वेळ माझ्याकडे पाहत राहिली.

संध्याकाळी कडूबा जेवायला बसला. साळू त्याच्या समोर येऊन उभी राहिली.

"बाबा, हरण्यानं माशी हाकलायचं सोडल्तं, तवा तुमी काय म्हणले होते?"

"आता काय त्याचं?"

"मायनं बी सोडलं."

कडूबाचा घास थांबला. गोजरबाई चुलीपासून म्हणाली, "बैलाची अन् मायची बराबरी करती का गं?"

"बराबरी कुठं हाये आजी," साळू म्हणाली. "बैलाला बाबांनी त्याच दिशी नेलं होतं. मायला दोन महिने झाले."

कडूबानं ताट सरकवलं आणि उठून गेला. गोजरबाई साळूवर चिडली, पण तिचाही आवाज जरा खाली आला होता. "पोरी, जालन्याला पागलखाना हाये, मला का ठाऊक न्हाई? पर एकदा मायचं नाव तिथं लागलं, तर तुला सून कोण करून घेईल? भूत म्हणलं तर लोक इसरतेत. पागल म्हणलं तर न्हाई इसरत."

म्हणजे पाहा. त्या घरात प्रेम नव्हतं असं नाही. सगळे घाबरलेले होते, आणि घाबरून जे नाव सोपं वाटलं ते त्यांनी दिलं.

दुसऱ्या दिवशी भोकरदनचा बाजार होता. कडूबाला देवऋषीच्या ठाण्यावर न्यायचे नारळ आणि लिंबं आणायची होती. साळू गाडीत चढून बसली. त्यानं तिला उतरवलं नाही. त्यानं मलाही बरोबर घेतलं होतं, कारण कुलूप अडकायला लागलं होतं आणि ते दुरुस्त करायचं होतं. तेवढ्या वेळापुरती नंदाबाईजवळ गोजरबाई बसली, तिचा हात हातात धरून. बाजाराच्या तोंडाशी जनावरांचा दवाखाना लागतो. तिथं साळूनं चालत्या गाडीतून उडी मारली आणि दवाखान्याच्या पायरीवर जाऊन बसली.

"ऊठ," कडूबा म्हणाला.

ती उठली नाही. एवढ्यात नरहरराव हात पुसत बाहेर आले. त्यांनी कडूबाला ओळखलं. "काय कडूबा, कोण आजारी?"

"कुणी न्हाई साहेब."

"माय आजारी हाये," साळू म्हणाली. "तिनं चारा सोडला."

नरहरराव हसले नाहीत. ते तिच्या शेजारी पायरीवर बसले. "किती दिवस झाले? झोप लागते का? पूर्वी काय आवडायचं, ते अजून आवडतं का? मरणाचं बोलते का कधी?" ते एक एक विचारत गेले आणि साळू सांगत गेली. विहिरीचंही सांगितलं. मग त्यांनी गाडीत पाहिलं. मला उचललं. माझ्या कड्यांवरचा वाळलेला पू आणि रक्त त्यांनी बोटानं खरवडलं, हुंगलं, आणि त्यांचं तोंड वाकडं झालं. रोज जनावरांच्या जखमा धुणारा माणूस तो.

"हे कोणत्या जनावराचं?" त्यांनी विचारलं.

कडूबानं मान खाली घातली.

"मी गुरांचा सलोतरी," नरहरराव म्हणाले. "मला यातलं औषध देता येत नाही, पण दुखणं ओळखता येतं, कारण ते माझ्या घरात येऊन गेलं आहे. जालन्याला जुन्या छावणीत मनाच्या आजाराचा सरकारी दवाखाना आहे. उद्याच न्या."

"लोक पागल म्हणतील, साहेब."

नरहररावांनी मागच्या घराकडे वळून हाक मारली, "रमा, जरा बाहेर ये." त्यांची ठेंगणी बायको चहाचे पेले घेऊन आली. तिनं साळूला गूळ दिला. "ह्यांना सांग," नरहरराव म्हणाले.

रमाबाई पदर सावरून सरळ कडूबाकडे पाहून म्हणाल्या, "धाकटा झाला तेव्हा मी अडीच महिने तिथं होते, भाऊ. मूल रडायचं, मला ऐकू यायचं, पण ते माझं आहे असं वाटायचं नाही. स्वयंपाकघरातल्या भांड्यासारखी मी आपली पडलेली. कुणी म्हणायचं उपास कर, कुणी म्हणायचं सोंग आहे. तिथल्या डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी सांगितलं, बाई, तुम्ही आजारी आहात. मला इतकं रडू आलं. आजारी आहे म्हणजे बरी होऊ शकते ना." त्या थोड्या हसल्या. "पागल वाटते का मी तुम्हाला? चहा गोड झालाय का, तेवढं सांगा."

कडूबानं चहा प्याला. त्यानं नारळ घेतले नाहीत. कुलूपही दुरुस्त केलं नाही. घरी येऊन दगडानं तोडलं.

जालना दोन दिवसांची वाट. साळूनं गाडीत कडबा जाड अंथरला, त्यावर गोधडी घातली आणि मायचं डोकं मांडीवर घेतलं. मी गाडीच्या मागे टांगलेली होते. गोजरबाईचा हट्ट, "वाटेत काही झालं तर." काही झालं नाही.

दवाखान्यातले डॉक्टर हैदराबादकडचे होते, अर्धं मराठी, अर्धं उर्दू बोलत. त्यांनी आधी घोटा धुतला. मग नंदाबाईसमोर स्टुलावर बसले आणि तिलाच विचारलं, इतरांना नाही, "बाई, तुम्हाला काय होतं?" दोन महिन्यांत हे तिला साळूखेरीज कुणी विचारलं नव्हतं. डॉक्टरांनी घाई केली नाही. मग ती बोलायला लागली.

नंतर त्यांनी कडूबाला सांगितलं, "ही बीमारी आहे. भूत नाही, पाप नाही, ढोंग बिलकुल नाही. माझ्याजवळ जादू नाही. वक्त लागेल. आणि ती जंजीर परत घेऊन जा."

वेळ लागला. नंदाबाई तीन महिने तिथं राहिली. घरी आली तेव्हा ती लगेच पूर्वीसारखी झाली नाही. तसं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. काही दिवस ती पुन्हा भिंतीला टेकून बसायची. पण मग साळू जवळ बसायची, आणि ठरलेल्या दिवशी कडूबा न चुकता तिला जालन्याला दाखवून आणायचा. एका दुपारी ती ओसरीत ज्वारी निवडत होती. एक माशी तिच्या गालावर बसली. तिनं हात उचलला आणि फटकन हाकलली. "मेली," ती म्हणाली, "दुसरं घर न्हाई का हिला." कडूबा दारात उभा होता. तो तसाच मागे फिरला आणि गोठ्यात जाऊन तोंड धुऊ लागला.

मित्रांनो, मी बोलायला लागले ते एवढ्यासाठी. तुमच्या घरात कुणी खाणं सोडलं, झोपणं सोडलं, हसणं सोडलं, जगण्यावरून मन उडाल्याचं बोललं, तर त्याला आळशी म्हणू नका, झपाटलेलं म्हणू नका. तुमच्याच मनाला तसं वाटलं, तर लपवू नका. विश्वासाच्या मोठ्या माणसाला सांगा. एकानं ऐकलं नाही तर दुसऱ्याला सांगा, आणि डॉक्टरपर्यंत पोचा. माणूस आजारी पडलं तर त्याला माणसाचं औषध लागतं. साखळी हे औषध नाही. हे मी साखळी असून सांगते आहे.

माझं आता थोडंच उरलं आहे. पुढच्या वर्षी, हरभरा काढायच्या दिवसांत, झुंबरबाई घाईघाईनं आमच्या ओसरीत आली. तिची सून तुळजा बाळंतपणानंतर उठत नव्हती. लेकराकडे पाहत नव्हती. झुंबरबाईनं नंदाबाईकडे पाहायचं टाळलं आणि कडूबाला म्हणाली, "तुमची ती साखळी हाये ना, हरण्याची? दोन दिस द्या. देवऋषी म्हणतो, बांधल्याबिगर उतरायचं न्हाई."

गोजरबाईनं तोंड फिरवलं. शेजारधर्म म्हणून कडूबा उठला. मागितलेली वस्तू नाही म्हणायची त्याला सवय नव्हती. तो खुंटीपर्यंत आला, माझ्यावर हात ठेवला, आणि त्याचा हात तिथंच थांबला. नंदाबाईनं ज्वारीचं सूप खाली ठेवलं आणि घोटा पदराखाली झाकून घेतला.

साळू उठली. तिनं माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. गोठ्यात गेली, कडब्याच्या दोन पेंढ्या काखेत मारल्या आणि अंगणात उभ्या असलेल्या गाडीत त्या सोडून जाड अंथरायला लागली. मग तिनं घरातून मायची गोधडी आणली, कडब्यावर घातली आणि झुंबरबाईला म्हणाली, "काकू, तुळजावहिनीला घेऊन या. बैल मी जुपते."